भंडारदरा: अंब्रेला फॉल कधी सुरू असतो? (आणि आमच्या घरातली पैज)

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घरात दोन दिवसांपासून एक वाद पेटलाय, तो इथे आणून टाकतेय.

आम्ही इंदिरानगरला राहतो. जुलै संपायच्या आत एक दिवस भंडारदऱ्याला जाऊन यायचं ठरलंय. सोबत सासूबाई. वय सत्तर, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांचं सगळं लहानपण धरणालगतच्या शेंडी गावात गेलं. लग्न होऊन नाशिकला आल्यावर त्या एकदाच तिकडे गेल्या, तेही वऱ्हाडाबरोबर, गाडीच्या काचेतून धरण बघून परत.

प्रश्न पहिला: अंब्रेला फॉल नक्की कधी सुरू असतो? मागच्या वर्षी मैत्रीण भर पावसात गेली तर तिथे नुसता ओला कातळ. तिच्या आधीच्या आठवड्यात गेलेल्यांच्या फोटोत मात्र छत्री पूर्ण उघडलेली.

प्रश्न दुसरा: आमचे अहो (अंबडला कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांवर बोलायचा अधिकार) म्हणतात, ब्रिटिशांनी हे धरण वीज काढायला बांधलं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्या धरणाच्या पायथ्याशी बसून मी कंदिलावर सातवीचा अभ्यास केलाय. वीज होती तर मला का नाही दिसली?" हरणाऱ्याने परतताना घोटीला सगळ्यांना जेवायला घालायचं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. कंदिलाचा चालेल.

डोंगरवेडा | ९:२२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

सातपूरचा_सत्या | ९:३०

अहोंना म्हणावं पाकीट भरून ठेवा.

पाटकरी | १०:०५

सासूबाईंना दंडवत. मी संगमनेर तालुक्यातला, आमची तिसरी पिढी प्रवरेच्या कालव्यावर जगतेय, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रवरेवरच्या या धरणाचं काम सुरू झालं १९१० ला, पुरं व्हायला १९२६ उजाडलं. मधे एक महायुद्ध होऊन गेलं. १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, म्हणून विल्सन धरण. म्हणजे २०२६ च्या डिसेंबरात शंभरी. भिंत ८२ मीटर, जुन्या मापात २७० फूट. त्या काळच्या सर्वात उंच धरणांत तिची गणना व्हायची. साठा ११,०३९ दलघफू (दशलक्ष घनफूट), बोलीभाषेत ११ टीएमसी (अब्ज घनफूट). तुमच्या गंगापूर धरणाच्या जवळजवळ दुप्पट.

आता हा खटाटोप कशासाठी? पाऊस पडतो सगळा घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर. संगमनेरच्या खाली ढग नुसते बघायला. तेव्हा वरचं पाणी अडवायचं, गरजेला नदीत सोडायचं, खाली ओझरच्या बंधाऱ्यावर उचलून डाव्या-उजव्या कालव्यात घालायचं, अशी योजना. धरणापासून ओझरपर्यंत वेगळा कालवा नाही, नदीच कालवा. त्या पाण्यावर ऊस आला, उसामागून कारखाने आले. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा सहकारी कारखाना उभा राहिला तोही याच पाण्यावर. या सगळ्या गोष्टीत वीज कुठेच नव्हती. सासूबाई जिंकल्या.

द्राक्षवाली | १०:११

ओझर? एचएएलचं? तिथे कुठे आलाय बंधारा, आमचं माहेर आहे ते!

पाटकरी | १०:१४

नाही हो ताई, हे संगमनेर तालुक्यातलं ओझर. तुमचं विमानाचं वेगळं, जुन्नरकडचं गणपतीचं वेगळं. आमच्या ओझरला फक्त पाणी उतरतं.

कॉलेजरोडकर | १०:२०

थांबा थांबा. म्हणजे भंडारदरा नगर जिल्ह्यात? मी आजवर पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना "आमच्या नाशिकचं" म्हणून दाखवत आलोय.

शेंडीफाटा | १०:४१

तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. पण दाखवा की. तुम्ही दाखवायचं, कचरा आम्ही उचलायचा. (गंमत केली हो. उद्या सविस्तर लिहितो, आज आवणीने, म्हणजे भातलावणीने, कंबर मोडलीय.)

मेरीकर | रविवार, सकाळी ६:५०

मी दिंडोरी रोडच्या मेरीत (सरकारची अभियांत्रिकी संशोधन संस्था) नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. धरणावर गेलेला माणूस पाण्याचे फोटो काढतो, भिंतीकडे कोणी बघत नाही, म्हणून चार ओळी.

ही भिंत काँक्रीटची नाही. दगड आणि चुना. चुना भट्टीत भाजायचा, विरवायचा, घाणीत मळायचा आणि मग गवंड्याच्या हाती द्यायचा. सिमेंटसारखा तो महिन्याभरात कडक होत नाही, वर्षानुवर्षं मुरत राहतो. अशी भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते. पाणी तिला आडवं ढकलतं, वजन तिला खाली दाबतं, त्या दोघांच्या ओढाताणीत ती जागची हलत नाही. मेख एवढीच, की दगडांच्या सांध्यांत आणि पायाखाली शिरलेलं पाणी तिला खालून वर उचलू बघतं. वजन तेच, पण भिंत जणू हलकी होते. त्या पिढीच्या धरणांत या दाबाचा आजच्यासारखा पुरता हिशेब धरलेला नसायचा.

१९६९ ला इथे भिंतीला भेगा दिसल्या, गळती वाढली. आधी तातडीचा उपाय म्हणून पोलादी केबल ताणून बसवल्या, पुढे मागच्या अंगाला आधारभिंती बांधल्या. गोदाकाठची ताई, तुम्ही खालच्या बागेकडून वर बघाल तेव्हा भिंतीला टेकू दिल्यासारखे उभे आधार दिसतील. ते विल्सनसाहेबांनी बघितलेले नाहीत.

आणि ओल दिसली म्हणून घाबरू नका. दगडी धरण थोडंफार झिरपतंच. किती झिरपतं ते मोजत राहायचं असतं. आकडा एकदम चढला तर धावपळ, नाहीतर चहा.

द्राक्षवाली | ७:३०

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

गोदाकाठची | ११:१५

मेरीकर काका, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. १९६९ म्हटल्यावर त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. म्हणाल्या, "तेव्हा मी चौदा वर्षांची."

त्यांचे वडील (त्या त्यांना भाऊ म्हणत) त्या पावसाळ्यात रोज उजाडायला भिंतीकडे जायचे. खाली एक छोटा चर होता, त्यावर आडवा पत्रा बसवलेला आणि पत्र्याला इंग्रजी व्हीसारखी खाच. झिरपलेलं पाणी त्या खाचेतून पडायचं. भाऊ पट्टी लावून त्याची उंची बघायचे आणि वहीत लिहायचे. सासूबाई सोबत जायच्या, वही भिजू नये म्हणून छत्री धरायला. खाचेतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज घागर भरताना येतो तसा यायचा, म्हणाल्या. भरत आल्यावर नाही, मध्यावर असताना.

आकडा मात्र भाऊंनी घरात कधी सांगितला नाही. आजेसासूबाईंनी विचारलं, "आज किती?" की ठरलेलं उत्तर: "तेवढंच." त्यांनी एक ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. ती दिवाळीपर्यंत तिथेच होती.

लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि हे मला आज कळलं.

मेरीकर | ११:४०

व्ही नॉच. आजही तीच पद्धत आहे. खाचेतल्या पाण्याची उंची कळली की कोष्टकावरून प्रवाह मिळतो. तुमच्या सासूबाईंनी छत्री धरून जे जपलं ते आमच्यासारख्यांच्या टेबलावर यायचं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठचीचे_अहो | दुपारी १:०५

खास या धाग्यासाठी सदस्यत्व घेतलं आहे. भावना बाजूला ठेवून मुद्द्यावर बोलू. आज तिथे वीज तयार होते की नाही? होत असेल तर ते विजेचं धरणही आहेच. पैज बरोबरीत सुटली, बिल अर्धं अर्धं.

सातपूरचा_सत्या | १:१०

आले! स्वागत आहे. पैज "ब्रिटिशांनी विजेसाठी बांधलं" अशी होती. धागा पहिल्यापासून वाचा.

एकलहरेकर | २:३०

वीज होते, पण साहेब गेल्यावर चाळीसेक वर्षांनी. धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॉटचं विद्युतगृह आलं ते १९८६ ला. तिथून सुटलेलं पाणी पुढे पुन्हा वळवून रंधा धबधब्याच्या दरीत कोदणीला खाली सोडतात, तिथे दुसरं ३४ मेगावॉटचं. दोन्ही मिळून ४६. आमच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० चे तीन संच, म्हणजे ६३०. तेव्हा आकड्याने भंडारदरा लहानच. पण कोळशाचा संच थंडावला की पुन्हा पूर्ण ताकदीला यायला तासन् तास जातात, पाण्याचा काही मिनिटांत येतो. संध्याकाळी सगळं नाशिक एकदम दिवे लावतं तेव्हा हा फरक कळतो.

खरी गंमत बघायची तर पुढे घाटघरला जा. वर एक धरण, खाली कोकणात चोंढ्याला दुसरं, मधे चारेकशे मीटरची उडी. विजेला मागणी नसते तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. १२५ चे दोन संच, २००८ पासून. चढवायला जास्त लागते, मिळते कमी, तरी परवडतं. कारण रात्री दोनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज यांची किंमत एक नसते.

जाता जाता, आपल्या जिल्ह्यातलं वैतरणा धरण विसरू नका. ६० मेगावॉट, आणि वीज काढून झालेलं पाणी मुंबईकरांच्या नळाला.

मुलुंडची_मावशी | २:४४

धन्यवाद नाशिककर. आत्ताच भांडी घासली त्यात.

दादांचा_नातू | ३:२०

वीज काढलेल्या पाण्यावरून आठवलं. आमचे आजोबा राहात्याकडचे. विद्युतगृह सुरू झालं त्या सालापासून दर आवर्तनाला (कालव्याच्या पाण्याच्या पाळीला) तक्रार: "पाण्यातली वीज काढून घेतात आणि चोथा आपल्याकडे पाठवतात. उसाला कस येईल कुठून?" माझ्या चुलत्याने त्यांना समजावलं, की दादा, विहिरीवरची मोट ओढल्यावर बैल दमतो, पाणी दमत नाही. आजोबा म्हणाले, "इथं बैल कोण आहे ते आधी सांग."

चुलत्याला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

हिशेबनीस | ४:०२

सुचवतो. बैल म्हणजे उंची. पाणी धरणात वर असतं, तेव्हा त्यात पडायची ताकद असते. मोरीतून (भिंतीतल्या पाणी सोडायच्या दारातून) नुसतं सोडलं तर ती ताकद खळखळाट आणि फवारे करण्यात जाते. पाइपातून चाकावर सोडलं तर चाक फिरवण्यात जाते. खालच्या शेताला पाणी पोचतं ते दोन्ही वेळा सारखंच.

अजून एक हिशेब. पायथ्याच्या विद्युतगृहातून साधारण आठशे क्युसेक पाणी जातं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक दिवस पूर्ण चालवलं तर जवळपास ६९ दलघफू. ११,०३९ ला ६९ ने भागा: एकशे साठ दिवस. वरून थेंब न येता, संच एकदाही न थांबता. म्हणून वर्षभर वीज हे इथे जमण्यातलं नाही. शेतीचं आवर्तन सुटतं किंवा पावसाळ्यात विसर्ग असतो, त्या पाण्यावर वीज होऊन जाते. वीज पाण्याच्या मागून चालते, पुढून नाही.

गोदाकाठचीचे_अहो | ४:१५

बरं. बिल माझं. पण आईला गोड वेगळं मागू देणार नाही.

डोंगरवेडा | रात्री ८:४५

रुमाल उचलतो.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. अंब्रेला फॉल हा निसर्गाचा धबधबा नाहीच. भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं की ते खालच्या गोल कातळावर पडतं आणि चहूबाजूंनी घरंगळतं, म्हणून छत्री. मोरी बंद, छत्री बंद. आकाशातून कितीही कोसळू द्या. तुमच्या मैत्रिणीचं तेच झालं. पाणी विद्युतगृहातून जात असेल तर ते पाइपातून जातं, कातळाच्या वाट्याला काही येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरण भरून घ्यायचं असतं, तेव्हा पाणी उधळत नाहीत.

भंडारदरा १५ ऑगस्टच्या आत भरायचं ही तिथली जुनी रीत समजा. १०,५०० दलघफूला "तांत्रिकदृष्ट्या भरलं" म्हणतात, मग येईल तेवढं पाणी सोडत राहतात. त्या दिवसांत सांडवाही वाहतो आणि फॉल दिसायची शक्यता चांगली असते. जुलैत नशीब. निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक बातम्यांत विसर्गाचा आकडा येतो, तो "विद्युतगृहातून" आहे की "मोरीतून" एवढं बघा.

रंध्याचंही थोडं तसंच. वरून पाणी वळवलेलं असेल तर एरवी रोडावतो, पण धरणातून मोठा विसर्ग असला की तिथे उभं राहून शेजारच्याला ऐकू जात नाही. तिथे कठड्याच्या अलीकडेच थांबा. दरवर्षी कोणीतरी फोटोसाठी पलीकडे जातं.

वाट: महामार्गाने घोटी, तिथून आत बारीवरून शेंडी. नाशिकपासून सत्तरेक किलोमीटर. बारी म्हणजे कळसूबाईचा पायथा. तिथे धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. रविवारी जाऊ नका. खरंच सांगतो, रविवारी जाऊ नका.

शेंडीफाटा | ९:३०

काल म्हटलं तसं लिहितो. काही जणांना झोंबेल.

रविवारी या पाण्याभोवती गाड्यांची रांग लागते. दारं उघडून गाणी. जेवणाच्या पत्रावळ्या ओढ्यात. भाताच्या खाचरात आवणी चालू असते आणि बांधावर कोणीतरी पँट वर करून फोटो काढत असतं. एकाने माझ्या आईला "जरा वाकून लावत राहा ना, छान येतंय" असं सांगितलं. ती दिवसभर वाकूनच होती.

काजव्यांचं तर विचारू नका. मे संपताना, पहिल्या पावसाच्या आधी, हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं अशी लुकलुकतात की सगळं झाड एका तालात श्वास घेतंय वाटतं. काजवा अंधारात जोडीदार शोधतो, तो प्रकाश त्याची हाक आहे. त्यावर तुम्ही गाडीचे मोठे दिवे मारता. हाक कोणाला ऐकू जाणार?

आणि धरणाबद्दल. आमच्या पणज्याची खाचरं या पाण्याखाली आहेत. पाणी गेलं खाली, उसाला. आम्हाला मार्च लागला की हंडा. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तुम्ही पुस्तकात वाचली, आमच्याकडे ती सोय नव्हती, थेट होती. खालच्या निळवंडे धरणाचे कालवे झाले, तेही बहुतेक खालच्यांसाठीच. जलाशयाला नाव दिलं ते आर्थर हिल नावाच्या साहेबाचं. इथल्याच देवगावचा राघोजी भांगरे इंग्रजांशी लढून १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, त्याचं नाव द्या म्हणून आमची माणसं किती वर्षं मागत होती. या, जरूर या. पण हे माहीत असू दे.

पाटकरी | ९:५२

शेंडीफाटा भाऊ, तुमचं बरोबर आहे. आमच्या उसाच्या खाली तुमची खाचरं आहेत हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

सह्याद्रीचा_सोबती | १०:०८

थोडा असहमत. पर्यटनाने गावात पैसा येतोय. तंबू, जेवण, होडी, वाटाड्या, सगळी गावातलीच पोरं. पूर्वी हीच पोरं घोटीच्या नाक्यावर मजुरीला उभी असायची. गर्दीला शिस्त लावा, पण गर्दीच नको म्हटलं तर चूल कशावर पेटणार?

शेंडीफाटा | १०:१६

सगळी गावातलीच नाहीत. अर्धे तंबू बाहेरच्यांचे, पाटी गावाची. पण मुद्दा मान्य. माझा भाऊही तंबू लावतो. भांडण त्याच्याशी रोज असतं.

कॉलेजरोडकर | १०:२५

तंबूवरून माझी करुण कहाणी. मागच्या मे महिन्यात मोबाइलवर "तळ्याकाठी, काजव्यांच्या सान्निध्यात" असं बघून सहा जणांचे पैसे आगाऊ भरले. पोचलो तर फोन बंद, जागेवर एक म्हैस. रात्री अकराला एका घरात ओसरीवर जागा मिळाली. मावशींनी नागलीची भाकरी, पिठलं आणि खलबत्त्यातला ठेचा वाढला. पहाटे जाग आली तर समोर धुक्यात पाणी, आणि पाण्याच्या मधोमध रतनगडाचा खुटा सुळका उलटा. पैसे गेले त्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. म्हशीचा फोटो आहे, हवा असेल तर देतो.

जायकवाडीचा_जावई | १०:३३

अवांतर: तुम्ही नाशिक-नगरवाले ११ टीएमसीवर भांडताय, शेवटी गोदा आणि प्रवरा टोक्याला भेटून पाणी येतं आमच्याच नाथसागरात, जायकवाडीच्या जलाशयात. वर जरा कमी अडवा की.

पाटकरी | १०:३५

आले समन्यायी पाणीवाटपवाले.

सातपूरचा_सत्या | १०:३६

हा विषय निघाला की धागा पाचशे प्रतिसादांशिवाय थांबत नाही. कृपया वेगळा काढा, तिथे भेटू, काठ्या घेऊन येऊ.

मेरीकर | सोमवार, सकाळी ६:४०

मूळ प्रश्नाकडे. गुडघ्यांसाठी: समोरच्या पुलावरून फॉल आणि भिंत दोन्ही बसल्या जागी दिसतात. वर जलाशयाच्या काठाला गाडी जाते. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंतही गाडीरस्ता आहे, पुष्करणी जरूर दाखवा. होडीत चढवू नका, जुलैत वारा असतो.

गोदाकाठची | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९:५०

जाऊन आलो. बुधवारी. सगळ्यांचे आभार, विशेषतः रविवारी जाऊ नका म्हणणाऱ्यांचे.

बारीला खरंच काही दिसेना. अहो दिवे लावून बैलगाडीच्या वेगाने चालले होते. बांधाबांधाने इरली पांघरलेल्या बायका भात लावत होत्या. शेंडीफाटा, मी गाडी थांबवली नाही, फोटो काढला नाही. मुलीने हात केला, त्यांनीही केला.

अंब्रेला फॉल बंद. विसर्ग विद्युतगृहातून, डोंगरवेडा म्हणाले तसाच. मुलगी हिरमुसली. सासूबाईंनी कातळाकडे बघितलंही नाही. पुलावर उभ्या राहून त्या भिंतीकडे बघत होत्या. आधारभिंती मी दाखवल्या तर म्हणाल्या, "या माझ्या वेळी नव्हत्या. या होत होत्या तेव्हा मी लग्नाची झाले." दगड काळेभोर, सांध्यांतून हिरवं शेवाळ, आणि काही ठिकाणी भिंत घाम आल्यासारखी ओली.

मग त्या फाटकाशी गेल्या. आत सोडत नाहीत, पाटी आहे, आणि ते योग्यच आहे. तिथल्या तरुण पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "खाच आहे का अजून? पत्र्याची?" त्याला काही कळेना. त्याने आतून एका वयस्कर कर्मचाऱ्याला बोलावलं. सासूबाईंनी भाऊंचं नाव सांगितलं, ते अर्थातच त्यांना माहीत नव्हतं. पण खाच म्हटल्यावर ते हसले. "आहे की आजी. रोज बघतो."

"आज किती?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "तेवढंच आहे, आजी."

सासूबाई मागे वळल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, चल, भूक लागली.

मेरीकर | १०:०४

वाचलं. दोनदा.

द्राक्षवाली | १०:१०

आणि घोटीला बिल कोणी दिलं ते?

गोदाकाठचीचे_अहो | १०:१२

मी. गोडासकट. आता पुढच्या पैजेचा विषय आईच ठरवणार आहे म्हणे. वैतरण्याबद्दल कोणाला खात्रीची माहिती असल्यास खासगी निरोप करा.